बर्फीचं लंघन

कृष्णकांतांनी पिल्लासमोरची संध्याकाळची वाटी उचलली, मोरीपाशी नेली आणि आतलं दूध ओतून टाकलं. वाटी धुऊन पालथी घातली. मग पंच्याला हात पुसत ते म्हणाले,

"लंघन. उद्या संध्याकाळपर्यंत पोटात काही जाऊ द्यायचं नाही. उकळून कोमट केलेलं पाणी, बस्स."

पिल्लू वाटी होती तिथली फरशी चाटत राहिलं.

यमुताई पोळ्या लाटत होत्या. त्यांचा हात थांबला.

"अहो, पण सूनबाईने लिहून दिलंय, एकही वेळ चुकवायची नाही म्हणून."

"ते निरोगी पिल्लासाठी. हिचं पोट बिघडलंय, सकाळपासून तीनदा झालं. आता वरून आणखी दूध ओतायचं का?"

यमुताईंनी पोळी तव्यावर टाकली आणि ती उलटायची विसरून गेल्या.

मुलगा मधुसूदन कोराडीच्या वीज केंद्रात इंजिनियर होता. मेहुण्याच्या लग्नासाठी बायको-मुलीला घेऊन तो आठ दिवस जबलपूरला गेला होता, आणि जाताना हे दोन महिन्यांचं पिल्लू सक्करदऱ्याला आईवडिलांकडे ठेवून गेला होता. जात पामेरियन, म्हणजे मोठं झालं तरी मांजराहून फार वाढायचं नाही. आत्ता तर ते कृष्णकांतांच्या एका चपलेत झोपत असे. रंग संत्र्याच्या बर्फीसारखा, म्हणून नातीने नाव ठेवलं बर्फी. निघताना रिक्षात बसल्यावर ती पुन्हा खाली उतरली होती आणि आजीच्या कानाशी लागून म्हणाली होती, "आजी, हिला भूक लागली ना, की ही रडत नाही. नुसती बसून राहते."

सूनबाईने लिहिलेला कागद कपाटाच्या दारावर शिताने चिकटवला होता. सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात. दर वेळी चार चमचे. निम्मं दूध, निम्मं पाणी, त्यात पोळी मऊ कुस्करून. मधे काही नको.

कृष्णकांत सदर भागातल्या एका कचेरीतून बडे बाबू म्हणून निवृत्त झाले होते. असा कागद हाती आला की त्यांना हुरूप येई. चार दिवस त्यांनी घड्याळ समोर ठेवून पिल्लाला जेवू घातलं. चमचा शिगोशीग भरू द्यायचे नाहीत, वरचा काला सुरीने सपाट करायचे. यमुताईंना हसू येई. साठी उलटलेला हा माणूस जमिनीवर उकिडवा बसून पाव शेराच्या जिवाला "चला, अकरा वाजले" म्हणतोय, हे दृश्य त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

घोटाळा झाला तो मागच्या पायरीवर. भांडी घासायला येणारी जयवंता कामानंतर तिथे बसून चहा-भाकर खाई. पिल्लू तिच्यासमोर जाऊन बसे आणि तिच्या हाताकडे बघत राही. आता जयवंता मूळची काटोलकडच्या शेतकरी घरातली. समोर कुणी बघत असताना त्याला घास न देता खाल्लं, तर बघणाऱ्याची नजर घासात उतरते आणि पोट धरून बसावं लागतं, हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. तिने घास दिला. रोज दिला. कधी भाकर, कधी ठेच्याचं तेल लागलेला तुकडा. खरं सांगायचं तर यमुताईंनीही दोनदा सायीचं बोट चाटवलं होतं. पाचव्या दिवशी पोट बिघडलं, तशी जयवंता आपण होऊन पुढे आली.

"मीच देल्लं वं बाई. टुकूर टुकूर पाहून राहिली, मंग माह्या घशाखाली घास कसा उतरन?"

ते कृष्णकांतांनी ऐकलं. ते रागावले नाहीत. उलट रोगाचं कारण सापडल्यावर वैद्याला वाटतं तसं समाधान त्यांच्या तोंडावर दिसलं. पोटात साचलंय, तर पोट रिकामं करायचं. त्यांच्या घरात तापाला लंघन, खोकल्याला लंघन, आणि पाय मुरगळला तरी एक वेळ न जेवलेलं बरं. यावर कुणी शंका काढली की ते मधूचं उदाहरण देत. सात वर्षांचा असताना मधूला विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस पोरगा नुसत्या पाण्यावर होता, आणि आज बघा, केवढाल्या यंत्रांवर हुकूम चालवतो. हे ऐकलं नाही असा पाहुणा त्या घरातून गेला नव्हता. ही गोष्ट सुरू झाली की यमुताई चहा टाकायला आत जात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू चपलेतून बाहेर आलं नाही. कृष्णकांतांनी "बर्फी" म्हणून हाक मारली तेव्हा त्याने मान उचलली आणि परत ठेवली. शेपटी हलली नाही.

"बघ, पोट थांबलं," ते म्हणाले. "रात्रभरात एकदाही नाही."

"पोटात काही असेल तर होईल ना."

"तेच तर लंघन."

जानेवारीचे दिवस होते, फरशी बर्फासारखी गार पडलेली. यमुताईंनी पिल्लाला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि देवघराच्या भिंतीशी, जिथे सकाळचं ऊन येई, तिथे ठेवलं. चमच्याने पाणी दिलं. पाणी ओठांच्या कडेने बाहेर आलं. सात वाजून गेले होते. नात म्हणाली होती तसं, ते रडत नव्हतं.

नऊला जयवंता आली. हातातला राखेचा डबा खाली ठेवून तिने पिल्लाला हात लावला.

"बाई, याचे कान थंडे लागून राहिले."

"थंडीच आहे आज."

"थंडीचे नाई वं." ती हळू बोलली. आत कृष्णकांत पंचांग चाळत होते. "माह्याच हातानं झालं हे. काही झालं त मले पाप लागन. तुमी काहून काई देत नाई याले?"

यमुताईंना चारूचे असेच थंडगार कान आठवत होते.

चारुलता, त्यांची मुलगी, चार वर्षांची होती. सन त्रेपन्नचा चैत्र. तिला जुलाब लागले, आणि कृष्णकांतांनी लंघन सांगितलं. चार दिवसांची रजा टाकून ते स्वतः तिच्या उशाशी बसले. पहिल्या दिवशी चारू पेज मागत होती. "आई, थोडीशी पेज. मीठ नको घालू, तशीच दे." यमुताई चोवीस वर्षांच्या होत्या. नवऱ्याचा शब्द, सासूचा शब्द, आणि पोरगी बरी व्हावी ही इच्छा, तिन्ही एकाच बाजूला. त्यांनी पेज दिली नाही. चमच्याने पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी चारूने काहीच मागितलं नाही, आणि यमुताईंना वाटलं, उतार पडतोय. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दहाव्याच्या दिवशी ओसरीवर कृष्णकांत आपल्या आईला सांगत होते, "पहाटे माझा डोळा लागला, तेवढ्यात हिने काहीतरी चारलं असणार. नाहीतर लंघन असं उलटत नाही." यमुताई दाराआड उभ्या होत्या. त्यांनी काहीही चारलं नव्हतं. तसं सांगायला त्या पुढे झाल्यासुद्धा. पण कृष्णकांत भिंतीला हात लावून उभे होते, आणि तो हात काढला असता तर ते खाली बसले असते. त्या परत आत गेल्या. पुढे वर्षभराने एकदा जेवता जेवता ते म्हणाले, "झालं गेलं. मी तुला कधी बोललो नाही आणि बोलणार नाही." त्यांनी बायकोला क्षमा केली होती. ती क्षमा यमुताईंनी पंचवीस वर्षं मुकाट्याने सांभाळली.

मधूच्या विषमज्वरात मात्र त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. कृष्णकांत कचेरीत गेले की दुपारी त्या मधूला धान्याच्या कोठीमागे बसवत आणि वाटीभर पेज पाजत. एकवीस दिवस. त्याचं तोंड पदराने पुसून त्याला परत अंथरुणावर नेत. लंघनाने पोरगा वाचला, हे गावभर झालं.

अकराला पिल्लाने उभं राहायचा प्रयत्न केला. पुढचे पाय फाकले आणि ते तोंडावर पडलं. यमुताईंनी उचललं तर मान हातावरून ओघळली. ओठ वर करून पाहिलं, हिरड्या पांढऱ्याफटक. डोळे उघडे होते, पण ते त्यांच्याकडे बघत नव्हते.

"अहो, इकडे या."

कृष्णकांत आले. वाकले. त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती.

"विकार बाहेर पडतोय," ते म्हणाले. "मधूचंही दहाव्या दिवशी असंच झालं होतं. पडून होता नुसता." मग कपाटापाशी गेले, सूनबाईचा कागद वाचला, परत आले, पुन्हा जाऊन वाचला. त्या कागदावर आजारी पिल्लाबद्दल काही नव्हतं. "संध्याकाळपर्यंत थांबू. अर्धवट सोडलं तर जास्त वाईट. मी आंघोळ करून घेतो."

घाबरले की ते आंघोळीला जात. हे यमुताईंना ठाऊक होतं.

न्हाणीचं दार लागलं. बादलीत नळ सुरू झाला. यमुताई पिल्लाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांना हलता येत नव्हतं. गुळाचा डबा दोन हातांवर होता. निखाऱ्यावर पाणी कोमट होतं. मधूच्या वेळी त्या एकदाही कचरल्या नव्हत्या, आणि आज या मूठभर कुत्र्यासाठी त्यांचा हात गुळाकडे जात नव्हता. कारण त्यांना आता वेगळीच भीती वाटत होती. आपण खायला घातलं आणि हे मेलं, तर? मग पंचवीस वर्षं आपल्या माथी असलेली गोष्ट खरी होईल. मग चारूचंही तसंच झालं असेल, असं आपल्यालाच वाटू लागेल. नाही दिलं आणि मेलं, तर ते लंघनाने मेलं. आपले हात तरी कोरे राहतील.

चारूच्या वेळीही हात कोरेच राहिले होते.

त्या उठल्या. गुळाचा खडा वाटीत टाकला, वर कोमट पाणी ओतलं, बोटाने ढवळलं आणि ते बोट पिल्लाच्या तोंडात घातलं. काही झालं नाही. जीभ गार लागली.

"पाजू नका वं बाई, ठसका लागन," मागून जयवंता म्हणाली. तिचे हात राखेचे तसेच होते. "नुसतं हिरडीले चोळा. वासराले असंच करते माह्या घरी."

यमुताईंनी हिरड्यांना चोळलं. वरच्या, खालच्या. पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चोळलं. मनात कुठल्या देवाचं नावही येत नव्हतं. चारदा, पाचदा, किती वेळा कोण जाणे. मग पिल्लाची जीभ त्यांच्या बोटाखाली जराशी हलली.

"हललं," जयवंता म्हणाली.

नळ बंद झाला होता, ते दोघींच्या लक्षात आलं नाही. कृष्णकांत ओल्या अंगाने, पंचा गुंडाळून दारात उभे होते. त्यांनी वाटी पाहिली, गुळाचा डबा पाहिला.

"काय करून राहिलीस?"

यमुताईंनी बोट बाहेर काढलं नाही. त्यांना भीती वाटत होती, पण बोट त्यांनी काढलं नाही.

"यमू, लंघन मधेच मोडलं तर काय होतं ते तुला..." त्यांचा आवाज तुटला. चारूचं नाव त्या घरात कुणी घेत नसे. "मधूची पोरगी रविवारी येईल. तिला मी काय सांगू?"

कृष्णकांतांनी खुंटीवरचा सदरा ओढला, ओल्या अंगावर चढवला आणि अनवाणी बाहेर पडले. यमुताईंना वाटलं, आता हे रागाने सक्करदऱ्याच्या तळ्याच्या बाजूला जाऊन बसणार, संध्याकाळपर्यंत येणार नाहीत. दहा मिनिटांत ते परत आले, ते नत्थूजींना हाताला धरून.

नत्थूजी दोन घरं सोडून राहत. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं कंपाउंडरकी केली होती, आणि अजूनही आसपासच्या गोठ्यांतून त्यांना बोलावणं येई. त्यांनी पिल्लाला उचलून उजेडात धरलं. ओठ वर केला, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तोंडाचा वास घेतला.

"गूळ कोणी देल्ला याले?"

जयवंताने खाली पाहिलं. कृष्णकांतांनी यमुताईंकडे पाहिलं.

"मी दिला," यमुताई म्हणाल्या.

"मंग तुमीच वाचवलं." त्यांनी पिल्लू परत लुगड्यात ठेवलं. "आणिक घंटाभर गेला असता, त मी येऊन काय करणार होतो? उपाशी होतं ना हे?"

"पोट बिघडलं होतं," कृष्णकांत म्हणाले. "लंघन दिलं होतं. काल दुपारी तीनपासून."

"अरे बाप्पा." नत्थूजी खाली बसले. "बडे बाबू, बैलाले चार दिस लंघन द्या, उभा राहीन. म्हैस राहीन. त्याइच्या अंगात साठा राहते. हे इत्तुसं, याच्या अंगात उद्याचं काई नसते. एका रातीच्या वर रिकामं ठेवलं का रगत थंडं पडते. पोट बिघडलं त दूध बंद करा, पण भाताची पेज द्याच लागते. चिमूट मीठ घालून, चमचा चमचा, दर दोन घंट्यानं. दोन दिसांनी दही-भात. मंग तुमचं चार वेळचं सुरू करा. पण मंधातले घास बंद, जयवंताबाई."

"हाव," जयवंता म्हणाली, आणि डोळे पुसल्याने तिच्या गालाला राख लागली.

नत्थूजी उठले. कृष्णकांत त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले.

"नत्थूजी, हे असं... कुत्र्याचंच असतं का?"

"काय?"

"उपाशी न ठेवण्याचं."

"लहान जिवाचं सगळ्याइचंच असते गा. वासरू घ्या, कोकरू घ्या, माणसाचं लेकरू घ्या. आता तं डॉक्टरच सांगून राहिले, जुलाब लागले तरी लेकराचं खाणंपिणं तोडू नका. पयले लोकाइले काय समजत होतं? कित्येक गेले असे." ते चपला घालून फाटकाबाहेर पडले.

यमुताईंनी मूठभर तांदूळ शिजत घातले. भात गाळून वाटीत पेज काढली, मिठाची चिमूट टाकली. कृष्णकांत पिल्लाजवळ जमिनीवर येऊन बसले होते. ओला सदरा अंगावर तसाच होता. त्यांनी हात पुढे केला, तशी यमुताईंनी वाटी आणि चमचा त्यांच्या हातात दिला. पहिला चमचा निम्मा सांडला. दुसरा पिल्लाने चाटला. तिसऱ्याला त्याने मान उचलली, स्वतःच्या बळाने. मागच्या अंगणात जयवंता भांडी घासत होती.

"यमू."

"काय?"

"चारूला तेव्हा तू काय दिलं होतंस?"

पंचवीस वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं. खात्री होती, म्हणून विचारलं नव्हतं. यमुताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. डावा हात त्यांनी फरशीवर टेकवला होता, आणि दहाव्याच्या दिवशी होता तसा सगळा भार त्या हातावर होता. सकाळपासूनची भीती आता संपली असं यमुताईंना वाटलं होतं. ती संपली नव्हती. खरं उत्तर, 'काहीच नाही', दोन शब्दांचं होतं आणि ते त्यांनी मनात इतक्यांदा उच्चारलं होतं की नुसतं तोंड उघडलं तरी बाहेर आलं असतं.

"पेज," त्या म्हणाल्या. "वाटीभर. तुम्ही कचेरीत गेलात की. कोठीमागे बसवून पाजत होते."

कृष्णकांतांनी चमचा वाटीत ठेवला. ते पिल्लाच्या पाठीकडे बघत होते. श्वासाबरोबर ती वरखाली होत होती.

"चारूच्या वेळी मी रजेवर होतो, यमू," ते म्हणाले. "कचेरीत जात होतो, ते मधूच्या वेळी. म्हणजे कोठीमागे मधू बसत होता."

पिल्लू वाटीच्या दिशेने नाक करून वास घेत होतं. कृष्णकांतांनी पुन्हा चमचा उचलला, पण पेज लुगड्यावर सांडू लागली. यमुताई त्यांच्या शेजारी बसल्या, त्यांचं मनगट धरलं, आणि चमचा पिल्लाच्या तोंडाशी नेला.